विमान सुटण्याआधीची वीस मिनिटं, आणि मी तेव्हा फोन का उचलत नाही

पांझराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मूळचा धुळ्याचा. गोंदूरच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं बघत मोठा झालो. आता एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारा दुसरा पायलट आहे, कंपनीचं नाव इथे घेत नाही.

मागच्या महिन्यात घरी आलो होतो. जेवायला बसलो तर मोठ्या काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "निघायच्या वेळेला फोन केला की तू कधीच उचलत नाहीस. एवढं काय असतं रे?" आपल्याकडे माणूस प्रवासाला निघाला की फोन होतोच. निघाला का, जेवला का, गाडीत बसला का. त्यात माया असते हे मला कळतं. पण तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो. लांबेल, सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं पायलटचं अवघड काम वर, ढगात, वादळात. मला सगळ्यात जास्त धाक वाटतो तो विमान गेटवर उभं असतानाच्या शेवटच्या वीस मिनिटांचा. त्या वेळात आम्ही विमानाला सांगतो की तू आत्ता कुठे उभं आहेस, कुठल्या धावपट्टीवरून उडणार, उडाल्यावर पहिलं वळण कुठे, किती उंचीपर्यंत जायचं. हे सगळं बोटांनी, आकड्यांत. आणि नेमक्या याच वेळात कॉकपिटच्या दारात जत्रा असते. लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा कागद घेऊन एक जण येतो, इंधनाची पावती घेऊन दुसरा. केबिनमधून विचारणा होते की व्हीलचेअरचे प्रवासी अजून आले नाहीत, दार लावू का. रेडिओवर टॉवर, म्हणजे विमानांना परवानगी देणारा विमानतळावरचा कंट्रोलर, बोलत असतो. यातलं एकही काम फालतू नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

एक खरी घटना सांगतो. 10 मार्च 2015. एअर एशिया एक्सचं एअरबस ए 330 सिडनीहून क्वालालंपूरला निघालं होतं. विमानाबाहेर फेरी मारून तपासणी करायची ती कॅप्टनने, आणि आतली तयारी फर्स्ट ऑफिसरने, अशी त्यांची नेहमीची वाटणी. त्या दिवशी कॅप्टनसाठी कानाला लावायचं संरक्षक नव्हतं, म्हणून दोघांनी कामं बदलून घेतली. कॅप्टनने आत बसून विमान उभं असलेल्या जागेचं रेखांश हाताने भरलं. भरायचं होतं 151 अंश 9.8 मिनिटं पूर्व. भरलं गेलं 15 अंश 19.8 मिनिटं पूर्व. विमानाची समजूत झाली की आपण 11,000 किलोमीटरहून लांब, आफ्रिकेच्या टोकाकडे उभे आहोत.

हे किती साधं आहे ते आपल्या गावावरून बघा. धुळ्याचं रेखांश साधारण पावणेपंच्याहत्तर अंश. त्यातला दुसरा आकडा गळाला आणि 7 उरले, तर धुळं उचलून सहाराच्या वाळवंटात गेलं. चूक एका आकड्याची.

सिडनीत पुढे असं झालं, की निघायच्या आधी धोक्याच्या सूचना आल्या होत्या, आवाजही झाले होते, पण कशामुळे ते उमगलं नाही. उडाल्यावर ऑटोपायलट लावला आणि विमान सरळ जायचं सोडून डावीकडे वळू लागलं. शेजारी समांतर दुसरी धावपट्टी आहे, तिच्यावरून निघणाऱ्या विमानांची वाट त्यांनी ओलांडली. टॉवरने टोकलं तेव्हा कुठे लक्षात आलं. मग हवेतच दुरुस्ती करायला गेले आणि होती ती यंत्रंही बिघडत गेली. तोवर सिडनीवर ढग खाली आले होते, म्हणून विमान मेलबर्नला नेऊन उतरवलं. कोणाला काही झालं नाही. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने 2016 मध्ये अहवाल दिला. तो मी अनेकदा वाचलाय, आणि दर वेळी जीव अडकतो तो त्या कान-संरक्षकापाशी. इतक्या बारक्या गोष्टीने रोजची घडी मोडली, आणि रोजच्या घडीबरोबर रोजची नजरही गेली.

इथे वेगवेगळ्या कामातली माणसं आहेत. तुमच्याकडे असं होतं का, आणि तुम्ही काय करता, हे वाचायला आवडेल.

केळीवाला_रावेर

भाऊ, होतं. ठिबकमधून खत सोडायचं असतं तेव्हा आधी कुठल्या प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडायचा, कुठला बंद करायचा हे ठरलेलं. तीन वर्षांमागे पहाटे व्हॉल्व्हपाशी वाकलेलो आणि व्यापाऱ्याचा फोन आला, कापणीला गाडी कधी लावू म्हणून. पाच मिनिटं बोललो. फोन ठेवला आणि थेट मोटार चालू करायला गेलो. डोक्यात पक्कं की व्हॉल्व्ह बदलला. नव्हता बदलला. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडत असलेल्या बागेचं खत दोन महिन्यांच्या रोपांना गेलं. मी खोटं बोलत नव्हतो हो, मला खरंच आठवत होतं की मी फिरवला.

पांझराकाठ

दादा, तुमचं शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. काम करायचं मनात आलेलं असतं, हात पुढे गेलेला असतो, तेवढ्यात कोणी बोलावतं. परत आल्यावर मन ते काम झालेल्यात जमा करतं. विसरलो असं वाटतच नाही, झालं असं वाटतं. म्हणून "जरा आठवून बघ" या सल्ल्याचा उपयोग नसतो. जी आठवण आपण तपासतो तीच चुकीची असते.

1987 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला एका विमानाचे फ्लॅप, म्हणजे पंखांची उड्डाणासाठी खाली करायची पाती, उघडायचीच राहून गेली. टॅक्सी करताना, म्हणजे चाकांवर धावपट्टीकडे जाताना, धावपट्टी बदलली, एक वळण चुकलं, आणि त्या गडबडीत टॅक्सीची चेकलिस्ट वाचलीच गेली नाही. विमानातली 154 आणि जमिनीवरची 2 माणसं गेली. चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

एरंडोलकर

वाचून वाईट वाटलं, पण स्पष्ट बोलतो. एवढं शिक्षण, एवढा पगार, मागे दीडशे-दोनशे जीव. तिथे आकडा चुकणं म्हणजे निष्काळजीपणाच. शेतकऱ्याचं खत वाया गेलं तर त्याचं नुकसान, तुमची चूक म्हणजे लोकांची प्रेतं. सरळ परवाना रद्द करायला हवा. होळीच्या दिवशी कॉकपिटमध्ये उघडा कॉफीचा कप आणि गुजिया ठेवल्याचा फोटो आला होता ना 2023 मध्ये? त्या दोघांना कामावरून बाजूला केलं ते योग्यच केलं.

भुसावळ_लोको

एरंडोलकर भाऊ, आपण ज्येष्ठ दिसता, पण मी एकोणतीस वर्षं इंजिनात काढली आहेत, म्हणून बोलतो. कॉफीचा कप ठेवणं ही निवड आहे, तिला शिक्षा व्हावी. आकडा चुकणं ही निवड नाही. दोन्हींना एकच दांडका लावला तर माणसं चूक लपवायला शिकतात.

आमच्याकडचं सांगतो. भुसावळ यार्डात रात्री उभं राहून बघा, किती लाइनी आणि किती दिवे. आमची सगळ्यात मोठी भीती असते बाजूच्या लाइनीचा सिग्नल आपला समजण्याची. गाडीला उशीर झालेला, गार्ड (आता ट्रेन मॅनेजर म्हणतात) वॉकीटॉकीवर बोलतोय, हातात कॉशन ऑर्डर, म्हणजे कुठे वेग कमी ठेवायचा त्याचा कागद, आणि समोर कुठेतरी हिरवा दिसतो. हिरवा दिसला की मन म्हणतं, चला. म्हणून आम्ही हात लांब करून, बोट दाखवून, मोठ्याने म्हणतो, "स्टार्टर, हिरवा." स्टार्टर म्हणजे स्टेशनातून गाडी सोडायचा सिग्नल. असिस्टंटनेही स्वतः बघून तेच मोठ्याने म्हणायचं. माझ्या तोंडाकडे बघून नाही, सिग्नलकडे बघून. नव्या पोरांना लाज वाटते. मी त्यांना सांगतो, बाबा रे, तोंडाने म्हटल्याशिवाय डोळा खरं बघत नाही. मोबाइल तर ड्युटीवर बंदच. माझ्या धाकट्या मुलीच्या बारशाच्या दिवशीही बंद होता.

पांझराकाठ

भुसावळकर काका, तुम्ही बाजूच्या लाइनीचं म्हणालात आणि अंगावर काटा आला. आमच्याकडचं तेच उदाहरण 27 ऑगस्ट 2006 चं आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातलं लेक्सिंग्टन, पहाटे सहाचा सुमार, अजून अंधार. कॉमएअरच्या विमानाला परवानगी होती 22 क्रमांकाच्या धावपट्टीची, लांबी सुमारे 7,000 फूट. ते वळले 26 क्रमांकाच्या धावपट्टीवर, लांबी 3,500 फूट. तिथे दिवेही लागलेले नव्हते. फर्स्ट ऑफिसरने बोलूनही दाखवलं की दिवे नाहीत, विचित्र दिसतंय. कॅप्टनने हो म्हटलं. आणि विमान तसंच पुढे गेलं. 50 पैकी 49 जण गेले, एकटा फर्स्ट ऑफिसर गंभीर जखमी होऊन वाचला. टॅक्सी करताना दोघांचं कामाबाहेरचं थोडं बोलणं झालं होतं, एक मिनिटही नसेल. टॉवरमध्ये एकच कंट्रोलर होता, आणि परवानगी देऊन तो दुसऱ्या कामाकडे वळला होता.

धावपट्टीच्या क्रमांकाला शून्य लावलं की साधारण तिची दिशा मिळते. 22 म्हणजे 220 अंश, 26 म्हणजे 260. होकायंत्र समोरच असतं. चाळीस अंशांचा फरक डोळ्यांपुढे होता. म्हणून आज आम्ही धावपट्टीवर वळलो की पाटीवरचा आकडा, जमिनीवर रंगवलेला आकडा आणि होकायंत्र, तिन्ही बघून तोंडाने उच्चारतो. तुमच्या "स्टार्टर, हिरवा" सारखंच.

एरंडोलकर काका, तुमचा राग मला कळतो. माझे आईवडीलही विमानाने येतात-जातात. पण आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, मग काय ते ठरवा.

संध्याकाळची फेरी होती. वारा फिरला आणि टॉवरने धावपट्टी उलट्या टोकाची दिली. आधी भरलेली निघण्याची वाट बदलणं माझं काम. मी नवी धावपट्टी निवडली, नवी वाट निवडली, पडद्यावर ती तुटक रेषेत आली. तुटक म्हणजे तात्पुरती. ती पक्की करायला एक बटण दाबायचं असतं. माझं बोट त्या बटणावर होतं, हे मला आजही दिसतं. त्याच वेळी खांद्यामागून लोडशीट आली, "सर, सही." मी वळलो, वजन तपासलं, सही केली. पायाशी बॅगेत मोबाइल थरथरत होता. बंद करायचा राहिला होता, ही माझी दुसरी चूक. आईचा फोन असणार हे वेळेवरूनच कळलं. मी पुन्हा पुढे वळलो आणि पुढचं पान उघडलं.

कॅप्टनची एक सवय आहे. निघण्याआधी ते म्हणतात, तू कागदावरून वाच, मी पडद्यावरून वाचतो. मी वाचलं, "पहिलं वळण उजवीकडे." ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथे डावीकडे आहे." माझे कान गरम झाले. जुनीच वाट तिथे बसलेली होती. कॅप्टन ओरडले नाहीत. त्यांनी चेकलिस्टचं कार्ड उचलून थ्रॉटलच्या दांड्यांवर आडवं ठेवलं, म्हणजे ते उचलल्याशिवाय विमान हलवताच येऊ नये, आणि म्हणाले, "पहिल्या ओळीपासून." आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सहा मिनिटं उशीर झाला. प्रवाशांना वाटलं असेल, विमानवाले नेहमीचेच.

ही चूक मी स्वतः कळवली. आपल्याकडे तशी स्वेच्छेने कळवायची सोय आहे. अमेरिकेत तर 1976 पासून नासा असे अहवाल गोळा करते, कळवणाऱ्याचं नाव काढून टाकून. परवाना जाण्याची धास्ती असती तर मी कळवलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेक नसतं.

एरंडोलकर

वाचलं. दोनदा वाचलं. परवाना रद्द करा हे मी घाईने बोललो. पण कप आणि गुजियाबद्दल माझं मत तेच.

पांझराकाठ

त्याबाबत मीही तुमच्याच बाजूचा आहे काका.

अमळनेरकर_गणित

मी शाळेत गणित शिकवते. दशांश चिन्ह चुकवलं की मी पूर्ण गुण कापते, पोरं कुरकुरतात. उड्डाणात दशांश चिन्हाने कधी घात केलाय का? वर्गात सांगायला हवं आहे.

पांझराकाठ

बाई, केलाय. 3 सप्टेंबर 1989, ब्राझील. वारिग कंपनीचं 737 माराबाहून बेलेमला निघालं, साधारण उत्तरेला, संध्याकाळी. कंपनीच्या कागदावर दिशा छापली होती 0270. चार आकडे, आणि शेवटचा आकडा दशांशाचा, म्हणजे 27.0 अंश. पण चिन्ह छापलेलं नव्हतं. कॅप्टनने ते 270 वाचलं. 270 म्हणजे थेट पश्चिम. आणि फर्स्ट ऑफिसर बाहेरची तपासणी करून आला तेव्हा त्याने कागद बघण्याऐवजी कॅप्टनने लावलेली दिशा बघून आपली लावली. भुसावळकर काका म्हणाले ना, तोंडाकडे नाही, सिग्नलकडे बघायचं. ते इथे झालं नाही.

बेलेम येईना. दोघं तासन्‌तास शोधत राहिले, शेवटी इंधन संपलं आणि रात्री विमान ॲमेझॉनच्या जंगलात उतरवावं लागलं. 54 पैकी 12 जण गेले. सूर्य मावळत होता, बाई. उत्तरेला निघालेल्या विमानाच्या डाव्या हाताला असायला हवा होता. तो नाकासमोर होता. तापीकाठच्या कुठल्याही पोराला संध्याकाळी विचारा, मावळतीकडे तोंड करून चाललास तर सातपुडा कुठल्या हाताला? उजव्या, म्हणेल. एवढं सोपं होतं ते. पण आकडा आधी भरला गेला की माणूस खिडकीबाहेर बघतो तेही त्या आकड्याला धरूनच.

अमळनेरकर_गणित

उद्या आठवीच्या वर्गात फळ्यावर 0270 लिहिते आणि विचारते.

सिस्टर_नंदुरबार

आमच्या वॉर्डात हेच. औषध भरताना नातेवाईक पदर ओढतात, "सिस्टर, सलाइन संपलं." जोखमीचं इंजेक्शन असलं तर दोघींनी वेगवेगळं वाचायचं असा नियम आहे, पण रात्रपाळीला दुसरी असतेच कुठे? तुमच्याकडे बोलायलाच बंदी असा काही नियम आहे का?

पांझराकाठ

सिस्टर, आहे. त्याला स्टराइल कॉकपिट म्हणतात. शब्द तुमच्याच खात्यातला, निर्जंतुक. 10,000 फुटांखाली आणि जमिनीवर टॅक्सी करताना उड्डाणाच्या कामाबाहेरचं अक्षर बोलायचं नाही, केबिनमधूनही निकडीशिवाय आत बोलायचं नाही. 1974 मध्ये अमेरिकेत शार्लटला उतरताना ईस्टर्न कंपनीचं विमान पडलं, 72 जण गेले. दाट धुकं होतं, आणि दोघांच्या गप्पा चालल्या होत्या राजकारणाच्या, जुन्या गाड्यांच्या. नियम मात्र आला 1981 मध्ये.

पण बघा, हा नियम गप्पा थांबवतो, लोडशीट थांबवत नाही. माझ्या बोटाखालचं बटण राहिलं ते गप्पांमुळे नव्हे, रीतसर कामामुळे. म्हणून मी आता एक करतो. हातात अर्धं काम असेल तर कोणीही येवो, आधी तळहात वर करतो. माणूस थांबतो. ओळ पूर्ण करतो, मग वळतो. पहिले काही दिवस ग्राउंड स्टाफला उद्धटपणा वाटला, आता ते स्वतःच दारात थांबतात. आणि थांबवणं शक्यच नसेल, तर मागे जाऊन पहिल्या ओळीपासून. मधल्या ओळीपासून कधीच नाही. तुमच्याकडे रात्री दुसरी सिस्टर नसणं हे मात्र तळहाताने सुटणारं नाही. ते माणसं वाढवूनच सुटेल, आणि ते मागायला तुम्हाला संकोच वाटू नये.

साक्रीकर

बठ्ठं खरं शे भाऊ. मना भाचा बी पायलटनं शिकी राहिना. त्याले हाई वाचाले धाडस.

शिरपूरकर_बाबा

मी बरेच दिवस फक्त वाचत असतो, आज लिहितो. माझी मुलगी बाहेरगावी विमान शिकते. सोलो, म्हणजे शिक्षकाशिवाय एकटीने उडणं, सुरू झालंय. रोज सकाळी साडेसहाला तिची आई फोन करते, निघालीस का म्हणून. गेल्या आठवड्यात पोरगी चिडून बोलली आणि फोन कापला. घरात दोन दिवस अबोला. मी तिच्या आईला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बटणावरच्या बोटाचं आलं तेव्हा ती म्हणाली, थांबा, परत वाचा.

तिचा एक प्रश्न आहे. फोन नाही करणार, पण पोरगी एकटी वर जाते आणि आपण काहीच म्हणायचं नाही, हे आईला जमत नाही. सुट्टीवर आली की निघताना हातावर दही ठेवते. रोज लांबून काय करायचं?

पांझराकाठ

काकूंना माझा नमस्कार सांगा. मी आणि माझ्या आईने असं ठरवलंय. ती रात्री नऊला फोन करते, दुसऱ्या दिवसाचं जे काही म्हणायचं ते तेव्हाच म्हणते, दही-साखर सगळं तेव्हाच. सकाळी माझा फोन बंद. उतरल्यावर, दार उघडून प्रवासी गेले की मी एकच शब्द पाठवतो, "उतरलो." सुरुवातीला ती तो येईपर्यंत चहा घेत नसे. आता घेते.

मुलीला म्हणावं, आईवर चिडू नकोस, पण फोन बॅगेत थरथरता ठेवू नकोस. पूर्ण बंद कर. मी केला नव्हता.

शिरपूरकर_बाबा

काल रात्री नऊला दोघी अर्धा तास बोलल्या. आज सकाळी 8 वाजून 10 मिनिटांनी मेसेज आला, "उतरले." तिची आई ओट्यापाशी पोळ्या करत होती. हात पिठाचे होते, म्हणून मी वाचून दाखवला.